लाल कडीची पिशवी

कपड्यावरचा डाग खोटं बोलत नाही, खोटं माणूस बोलतो, असं डागकाकूंचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं. अर्धं आयुष्य लॉंड्रीच्या काउंटरमागे उभं राहून कमावलेलं होतं. गिऱ्हाईकाने शर्ट टाकला की त्या आधी बाही बघत, मग खिसा, मग कॉलरची आतली बाजू, आणि तेवढ्यात त्यांना त्या घरातलं निम्मं कळलेलं असे. कोणाची नोकरी सुटलीय पण घरी सांगितलेलं नाही, कोण पथ्य पाळतोय म्हणून सांगतो आणि बाहेर तळलेलं हाणतो, सगळं. शेजारच्या गाळ्यात त्यांचे यजमान किल्ल्या करून देत आणि बिघडलेली कुलपं दुरुस्त करत. त्यांना सगळे किल्लीकाका म्हणत. एक डाग वाचते, दुसरा कुलूप उघडतो, यांच्यापासून काय लपणार, अशी गल्लीत चेष्टा चाले आणि काकूंना ती मनातून आवडे.

म्हणूनच आपल्याच घरात कुणीतरी चोरून गोड खातंय आणि ते आपल्याला सापडत नाही, ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली होती.

घरात माणसं दोनच. त्यातल्या एक त्या स्वतः. मग खाणारं कोण, हे सांगायला पोलीस नको होता.

सुरुवात झाली ती डॉक्टरांच्या खोलीत. काकांचा रिपोर्ट टेबलावर ठेवून डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. साखर पुन्हा वाढली होती, मागच्या खेपेपेक्षा जास्त. वजनही चढलं होतं. घरात गोड बंद केलंय ना, असं त्यांनी विचारलं. चहासुद्धा बिनसाखरेचा देते, असं काकूंनी सांगितलं. काका म्हणाले, मी काही खात नाही हो. त्यावर डॉक्टरांनी रिपोर्टावरच्या आकड्यावर पेनाने टकटक केलं, आणि त्याचा अर्थ काकूंनी बरोबर घेतला. पोटात पिशवी कोणत्या कडीची सोडता, असं डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, आणि काकूंनी पिवळ्या म्हणून सांगून टाकलं.

या पिशव्यांचं आधी सांगायला हवं. काकांच्या दोन्ही किडन्यांनी मागेच हात वर केले होते. रक्तातली घाण बाहेर काढायला त्यांच्या पोटात एक बारीक नळी कायमची बसवली होती. त्या नळीतून दिवसातून अनेकदा औषधी पाण्याची पिशवी पोटात सोडायची, काही तास ठेवायची आणि मग ते पाणी काढून टाकून नवीन भरायचं. हे सगळं घरीच, आणि ते करायचं काकूंनी. डायलिसिसच्या नर्सने त्यांना शिकवताना समजावलं होतं, की पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका अंगाला रक्ताच्या बारीक नळ्या, दुसऱ्या अंगाला आपण सोडलेलं पाणी. रक्तात घाण दाटलेली असते आणि पाण्यात अजिबात नसते. म्हणून ती कोणी न ढकलता आपणहून पडद्यातून पाण्यात उतरते, जिथे दाटी आहे तिथून जिथे मोकळं आहे तिथे. काकूंना हे एका दमात पटलं. मळका शर्ट बादलीत टाकून ठेवला की पाणी काळं होतं, तेच हे. "म्हणजे यांना आतून भिजत घालायचं," असं त्या म्हणाल्या तेव्हा नर्सला हसू आवरेना.

पिशवीच्या तोंडाशी प्लास्टिकची रंगीत कडी असे. पिवळी कडी म्हणजे साधं पाणी, हिरवी म्हणजे जरा कडक, लाल म्हणजे सगळ्यात कडक. कडक पाणी अंगातलं जास्तीचं पाणी ओढून काढतं. रोज पिवळीच लावायची, पाय सुजले तर हिरवी, आणि लाल फक्त दम लागला तर, तीही आधी फोन करून, असं नर्सने बजावलं होतं. पाण्यात काय काय मिसळलेलं असतं तेही सांगितलं होतं, पण ते औषधांच्या लांबलचक नावांमध्ये वाहून गेलं. एकदा काकांना खरंच दम लागला. लाल कडी लावली आणि संध्याकाळी माणूस जिना चढून वर आला. काढलेल्या पाण्याची पिशवी काकूंनी हातात तोलून पाहिली. काय भरली होती! जास्त मळ निघाला म्हणजे धुणं चांगलं झालं, हा लॉंड्रीचा पहिला धडा. मग लाल पिशव्या वारंवार लागू लागल्या, मग रोजच. पिशव्या पुरवणारा डेपोवाला फोनवर विचारी, कोणत्या पाठवू, आणि काकू सांगत, लाल. नर्सला मात्र पिवळ्या म्हणून सांगत. उगीच बोलणी कोण खाणार, आणि दोन चमचे साबण जास्त घातला म्हणून कुणाचं काय बिघडतं? पिशवी लावायच्या वेळी काका भिंतीकडे तोंड करून बसत. त्यांना ते बघवत नसे. कड्यांना रंग असतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

साखरेवर सगळं अडलं होतं ते ताईंमुळे. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, बालवाडीच्या निवृत्त बाई. आईच्या माघारी यांनीच भावाला शाळेत घातलं, यांनीच त्याला पहिला गाळा घेऊन दिला. आपली एक किडनी भावाला द्यायला त्या तयार झाल्या होत्या. रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. पण भावाची साखर अशी चढती राहिली तर नवी किडनीही नासेल, म्हणून ती खाली आल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे काकांचं पुढचं आयुष्य एका रिपोर्टावर येऊन थांबलं होतं, आणि त्या रिपोर्टाची वाट हा माणूस स्वतःच लावत होता. काकूंच्या अंगाचा नुसता तिळपापड होत असे.

त्यांनी कामाला सुरुवात केली. घरातली साखर आधी कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि लावल्यावर स्वतःच्याच डोक्यावर हात मारून घेतला. किल्लीवाल्यापासून कुलूप! मग साखरेचा डबा उचलून लॉंड्रीत नेऊन ठेवला. काकांचे खिसे रोज उलटे करून झटकले. बाह्या उजेडात धरल्या. कॉलरचा वास घेतला. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला विश्वासात घेऊन विचारलं, हे येतात का हो तुमच्याकडे? बेकरीवाला म्हणाला, येतात की, परवाच दाराची कडी बसवून गेले. कडी बसवून झाल्यावर काय दिलंत, असं काकूंनी विचारलं. पाणी, तो म्हणाला. नुसतं पाणी? नुसतं पाणी, दोन ग्लास. काकूंचा विश्वास बसला नाही. बेकरीत जाऊन पाणी पिणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आणि ही तहान हासुद्धा एक पुरावाच होता. काका हल्ली सारखे पाण्याच्या माठाभोवती घुटमळत. पाणी मोजूनच प्यायचं असं डॉक्टरांचं बजावणं, आणि हे आपले काकूंची पाठ वळली की घटाघटा. गोड खाल्लं की तहान लागते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाणी प्यायले की वजन वाढे, पाय सुजत, आणि सुजलेले पाय बघून काकू मुकाट्याने लाल कडीची पिशवी काढत. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्या स्वतःशी म्हणत आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहत.

काका आधी हसले. मग चिडले. मी उभ्या जन्मात कुणी न सांगता कुणाचं कुलूप उघडलं नाही, मी स्वतःच्या घरात चोरी करीन का, असं त्यांनी एकदा विचारलं. त्यावर काकूंनी विचारलं, मग साखर काय हवेतून येते? त्यानंतर ते बोलेनासे झाले. जेवताना ताट दोन्ही हातांनी स्वतःपासून लांब धरल्यासारखं जेवत आणि बडीशेप पुढे केली तरी घेत नसत. त्यांचं हे गप्प बसणं काकूंना कबुलीजबाबासारखंच वाटलं. निर्दोष माणूस भांडतो, असा त्यांचा अनुभव होता.

शेवटी पुरावा सापडला, आणि तोही डागाच्याच रूपाने. बाथरूमच्या खुंटीवर काकांचा कालचा शर्ट लटकत होता आणि भिंतीवरून मुंग्यांची एक रांग थेट त्या शर्टाच्या खालच्या काठाशी गेलेली होती. शेवटच्या बटणाच्या जरा बाजूला, नखाएवढ्या जागेवर मुंग्यांचा नुसता बाजार भरला होता. काकूंनी मुंग्या फुंकरीने उडवल्या. कापड तिथे कडक झालं होतं. ओलं बोट लावलं तर चिकटलं. तेल नाही, दूध नाही, रंग नाही, साध्या पाण्याने विरघळतंय. साखरेचं पाणी, याच्याशिवाय दुसरं काही असूच शकत नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? शर्ट काकांपुढे धरून त्यांनी विचारलं, हे काय? काकांनी शर्टाकडे पाहिलं, मुंग्यांकडे पाहिलं आणि मला माहीत नाही म्हणाले. "तुमच्या अंगावरचा शर्ट, तुमच्या पोटावरचा डाग, आणि तुम्हालाच माहीत नाही," काकू म्हणाल्या. काका उठून दुकानात निघून गेले.

काकूंनी तो शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातला, दोन बस बदलल्या आणि ताईंचं घर गाठलं. त्यांच्या मनात एवढंच होतं, की ताईंनी भावाचा कान पिळावा. बायकोचं नाही ऐकत, निदान बहिणीचं ऐकेल. त्यांनी सगळं सांगितलं, साखरेचा रिपोर्ट, तहान, बेकरी, आणि मग टेबलावर शर्ट पसरला. पिशवीतून एक मुंगीही सोबत आली होती. ती टेबलावरून चालू लागली.

ताईंनी शर्ट उचलला. त्या कडक झालेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"बरं झालं दाखवलंस," त्या म्हणाल्या. "मी माझ्या अंगातलं काढून द्यायचं आणि याने ते असं मातीत घालायचं, हे काही मला जमायचं नाही. मी उद्याच हॉस्पिटलला कळवते."

काकूंना वाटलं, रागाच्या भरात बोलताहेत, उतरेल राग. तसं त्या दोनदा म्हणाल्याही. पण ताई रागात दिसत नव्हत्या. त्यांनी शर्टाची नीट घडी घातली, काकूंच्या हातात दिली आणि चहा टाकायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. कळवलंय, एवढंच त्या बोलल्या.

ही बातमी काकांना काकूंनीच सांगितली. सांगताना आवाज कठोर ठेवायचा असं त्यांनी ठरवलं होतं, तो तसा राहिला नाही. तुमच्या खाण्यापायी ताईंनी नाही म्हटलं, असं त्या म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच ऐकवेना. काका खुर्चीत बसले होते. थोड्या वेळाने दुकानात गेले आणि संध्याकाळी हातात एक कुलूप घेऊन परत आले. स्वतःच्या दुकानातलं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा एक जुना प्रतिस्पर्धी होता. ज्याच्या कुलपांना ते आयुष्यभर डबे म्हणत आले होते, त्याच्याकडून ते पैसे मोजून आणलं होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला कोयंडा ठोकला, कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या काकूंपुढे धरल्या.

"याची चाल मला ठाऊक नाही. मुद्दाम माहीत नसलेलं आणलंय," ते म्हणाले. "मी झोपेत उठून खात असेन. मला आठवत नाही, पण डॉक्टर म्हणतात, तू म्हणतेस, ताईसुद्धा म्हणते. सगळे कशाला खोटं बोलतील? माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही आता."

काकूंनी किल्ल्या घेतल्या. आपण जिंकलो असं त्यांना वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही. तरी संशय असा चिवट, की त्यातही एक आवाज म्हणाला, नाटक असेल.

त्या आठवड्यात डेपोतून खोकी आली. काकूंनी ती खाटेखाली रचली. काका दुकानात होते आणि स्वयंपाकघराला कुलूप होतं. दुपारी केर काढताना काकूंना खाटेखाली मुंग्या दिसल्या. रांग भिंतीच्या कडेकडेने येऊन एका न फोडलेल्या खोक्याच्या कोपऱ्यात शिरत होती. काकूंना आधी आनंदच झाला, म्हणजे लपवायची जागा ही! त्यांनी खोकं ओढलं, चिकटपट्टी टराटरा फाडली. आत पिशव्यांशिवाय काही नव्हतं. एका पिशवीला शिवणीपाशी बारीक भोक पडलं होतं आणि तिथून पाणी झिरपून खाली पुठ्ठा ओला झाला होता. मुंग्या त्या ओल्या पुठ्ठ्यावर होत्या.

काकूंनी बोट लावलं. चिकट. तेच बोट त्यांनी जिभेवर ठेवलं आणि तशाच खाली बसल्या.

गोड होतं. चांगलं गोड. पिशवीच्या तोंडाशी लाल कडी होती. त्यांनी मागच्या बाजूला कधीपासून पडून राहिलेली पिवळ्या कडीची पिशवी शोधून काढली, तिचं टोक कापलं आणि ते पाणी चाखलं. त्यात गोडी जेमतेम लागत होती. पिशवी काढताना नळीच्या टोकातून दोन थेंब नेहमी खाली पडतात, आणि ते पडतात काकांच्या शर्टाच्या काठावर, शेवटच्या बटणाच्या बाजूला. डाग खोटं बोलला नव्हता. साखरेचंच पाणी होतं ते.

दोन्ही पिशव्या घेऊन त्या नर्सकडे गेल्या. नर्स एका पेशंटचा रक्तदाब बघत होती. ते आटोपून ती बाहेर आली. काकूंनी लाल कडी पुढे केली आणि विचारलं, यात साखर असते? असते की, नर्स म्हणाली, त्याशिवाय पाणी कसं ओढलं जाईल? साखर जिथे दाट तिकडे पाणी धावतं. लाल पिशवीत सगळ्यात दाट, म्हणून ती सगळ्यात जास्त पाणी काढते.

"आणि ती साखर?" काकूंनी विचारलं. "ती कुठे जाते?"

"तुम्हीच सांगा. पिशवीत दाट आहे, रक्तात कमी आहे, मध्ये पडदा."

काकूंना एव्हाना कळलं होतं. लाल साडी आणि पांढरा सदरा एका बादलीत पडले तर काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. साडीचा मळ निघतो तेव्हाच सदरा गुलाबी होतो. इतके दिवस त्या काय बाहेर आलं तेवढंच तोलत बसल्या होत्या. आत काय गेलं ते बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

नर्सने हळूच विचारलं, काकू, तुम्ही रोज लाल लावत होतात? काकूंनी मान खाली घातली. मग नर्सने बाकीचंही सांगितलं. अंगातलं पाणी असं ओढून काढलं की तहान लागणारच. तहान लागली की माणूस पिणार, प्यायला की सुजणार, आणि सुजला की तुम्ही पुन्हा लाल लावणार. पडद्याला आपलं-परकं कळत नाही, दोन्हीकडून ये-जा चालू असते. ती रागावली नाही, त्यामुळे काकूंना जास्तच लागलं. डेपोवाल्यानेही आम्हाला विचारायला हवं होतं, ती म्हणाली, आणि आजपासून पिवळी लावा, साखर उतरेल, डॉक्टरांशी मी बोलते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काकू परतीच्या वाटेवर मोठ्याने म्हणाल्या आणि शेजारून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं.

पण त्या घरी गेल्या नाहीत. आधी ताईंकडे गेल्या. मनावरचं ओझं उतरलं तर तिथेच उतरणार होतं. माझी चूक झाली, यांनी काहीच केलेलं नाही, आता साखर उतरेल, तुम्ही फक्त हॉस्पिटलला पुन्हा हो म्हणा, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी ते दारातच सांगायला सुरुवात केली आणि खुर्चीत बसेपर्यंत संपवलंही. वर ताईंचे पाय धरले.

ताईंनी पाय मागे घेतले.

"साखरेचं नव्हतंच गं ते," त्या म्हणाल्या. "सगळं जुळलं म्हणून सांगितलं ना, त्या दिवसापासून मला झोप नाही. मला भीती वाटते. त्या ऑपरेशनच्या टेबलावर आडवं व्हायची, शुद्ध हरपायची, कापून घ्यायची. जो तो येऊन मला मिठी मारत होता, अशी बहीण सात जन्मांत मिळायची नाही म्हणत होता. मग नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने? तू तो शर्ट टेबलावर पसरलास, आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं झालं. मी कारणच शोधत होते. ते तू आणून दिलंस."

काकूंना राग आला होता, पण तो टाकायचा कुणावर हे त्यांना कळेना. शर्ट त्यांनीच आणला होता. तो आणला नसता तर या बाईने घाबरत घाबरत का होईना, टेबलावर पाठ टेकली असती. हे त्यांना कळत होतं आणि ते कळणं त्यांना सहन होत नव्हतं.

"आता कारण राहिलं नाही," ताई म्हणाल्या, "पण माझ्याच्याने होणार नाही. त्याला सांगू नकोस. मी घाबरले हे त्याला कळलं तर मी त्याला तोंड दाखवू शकणार नाही."

काकू घरी पोचल्या तेव्हा काका दुकान बंद करून आले होते आणि कुलूप लावलेल्या स्वयंपाकघराच्या बाहेर खुर्ची टाकून बसले होते. काकूंनी आधी ते कुलूप काढून खिडकीत ठेवलं. मग त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं, लाल कडी, पिवळी कडी, नर्सला सांगितलेलं खोटं, मुंग्या, काहीही न गाळता. तुम्ही काही खाल्लं नव्हतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा काकांना ते ऐकू गेल्यासारखं वाटलं नाही. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते रडताहेत असं काकूंना वाटलं, पण हात काढले तेव्हा ते हसत होते आणि डोळे ओले होते.

"मी वेडा झालो नाही म्हणजे," ते म्हणाले. मग एकदम सरळ बसले. "अगं, मग ताईला सांगितलंस का? ती काय म्हणाली?"

काकूंनी आयुष्यभर लोकांची खोटी तोंडं वाचली होती. आता स्वतःचं तोंड कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"ताई तयारच होत्या," त्या म्हणाल्या. "पण हॉस्पिटलने परत तपासलं. त्यांचा रक्तदाब फार वर गेलाय. डॉक्टरच नको म्हणताहेत. आता त्यांची किडनी घेता येणार नाही."

काकू प्रश्नाची वाट बघत थांबल्या. कधी तपासलं, कुणी सांगितलं, रक्तदाब औषधाने उतरत नाही का. यातलं काहीही काकांनी विचारलं असतं तर त्या अडखळल्या असत्या. काकांनी काहीच विचारलं नाही. बायकोने सांगितलं, ते त्यांनी खरं मानलं.

"बिचारी," ते म्हणाले. "किती लागलं असेल तिच्या मनाला. फोन दे बघू."

त्यांनी ताईंना फोन लावला. साखरेचा घोटाळा ऐकलास ना, असं ते हसत म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, की रक्तदाबाचं कळलं, वाईट वाटून घेऊ नकोस, तू द्यायला निघाली होतीस हेच मला पुष्कळ आहे, डॉक्टर शोधतील दुसरं कुणीतरी, तोवर आहेत की पिशव्या. बोलता बोलता ते थांबले. पलीकडे कुणीतरी हमसून हमसून रडत होतं, ते काकूंना खाली बसल्या जागी ऐकू येत होतं.

"ऐकतच नाही गं ती," काका म्हणाले आणि फोन काकूंपुढे धरला. "तू समजाव. तुझं ऐकेल."

काकूंनी फोन कानाला लावला. ताई, मी आहे, एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर दोघींपैकी कुणीच बोललं नाही, आणि काका शेजारी उभे राहून सांगत होते, की तिला म्हणावं, तुझा यात काही दोष नाही.